खुंटीच नसलेले रक्त

पैठणच्या साडीला पैठणी म्हणतात, कोल्हापूरच्या वहाणेला कोल्हापुरी म्हणतात. पण विद्यार्थी मित्रांनो, एका रक्तगटालाही आपल्या एका शहराचे नाव मिळाले आहे, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? तो आहे ‘मुंबई रक्तगट’. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची माहिती ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. नाव मुंबईचे असले, तरी या गटाची माणसे रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत विशेष आढळतात. तेव्हा रहिमतपूरसारख्या गावातील मुलामुलींनी तर हा गट नीट समजून घेतलाच पाहिजे.

प्रथम रक्ताकडे पाहू. मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. त्यातील निम्म्याहून थोडा अधिक भाग म्हणजे पिवळसर रक्तद्रव. उरलेल्या भागात मुख्यतः तांबड्या पेशी असतात. एका घन मिलिमीटर रक्तात त्या सुमारे ५० लाख भरतात! फुप्फुसांतून प्राणवायू उचलून तो शरीरभर पोहोचवणे हे त्यांचे काम. प्रत्येक तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. पांढऱ्या पेशी रोगजंतूंशी लढतात, तर बिंबाणू जखमेतून वाहणारे रक्त थांबवण्यास मदत करतात.

सर्वांचे रक्त दिसते सारखेच. मग एकाचे दुसऱ्याला का चालत नाही? याचे उत्तर व्हिएन्ना येथील कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली दिले. तांबड्या पेशींवर काही विशिष्ट पदार्थ असतात. त्यांना प्रतिजन म्हणतात. ‘ए’ प्रतिजन असलेल्यांचा गट ‘ए’, ‘बी’ असलेल्यांचा ‘बी’, दोन्ही असलेल्यांचा ‘एबी’ आणि दोन्ही नसलेल्यांचा ‘ओ’. आपल्या पेशींवर जो प्रतिजन नसतो, त्याच्या विरुद्ध लढणारी प्रतिपिंडे आपल्या रक्तद्रवात असतात. म्हणून ‘ए’ गटाच्या माणसाला ‘बी’ गटाचे रक्त दिले, तर त्या परक्या पेशी फुटू लागतात आणि रोग्याच्या जिवावर बेतते.

आता एक खुंटी डोळ्यांसमोर आणा. तिच्यावर पगडी टांगली की झाला ‘ए’, टोपी टांगली की झाला ‘बी’, दोन्ही असली की ‘एबी’. नुसतीच मोकळी खुंटी म्हणजे ‘ओ’. या खुंटीला शास्त्रज्ञ ‘एच’ प्रतिजन म्हणतात. एका साखरेच्या रेणूमुळे ती तयार होते, आणि तिच्यावर आणखी एखादी साखर जोडली गेली की ‘ए’ किंवा ‘बी’ बनतो.

मुंबई रक्तगटाच्या माणसांत ही खुंटीच नसते! मग पगडी टांगायची कोठे आणि टोपी तरी कोठे? नेहमीच्या तपासणीत पेशींवर ‘ए’ही सापडत नाही आणि ‘बी’ही सापडत नाही, साहजिकच गट ‘ओ’ असा लिहिला जातो. खरी अडचण पुढेच आहे. या माणसाच्या शरीराला खुंटी मुळी ओळखीचीच नसते. त्यामुळे त्याच्या रक्तद्रवात ‘ए’ व ‘बी’ यांच्याबरोबर ‘एच’विरुद्धही प्रतिपिंडे असतात. अडल्या वेळी ज्या ‘ओ’ गटाचा आधार घेतला जातो, तेच रक्त याला घातक ठरते. त्याला चालते ते फक्त दुसऱ्या मुंबई रक्तगटाच्या माणसाचे.

आणि अशी माणसे किती? भारतात साधारण १०,००० मध्ये एक, तर युरोपात सुमारे १० लाखांत एक. खुंटी तयार करणारे जनुक आपल्याला आई आणि वडील या दोघांकडून एकेक मिळते. त्यांपैकी एक जरी चांगले असले तरी खुंटी तयार होते. दोन्ही सदोष असली तरच मुंबई रक्तगट दिसतो. आईवडील दोघांकडे एकेक सदोष जनुक लपलेले असेल, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला हा गट मिळण्याची शक्यता चारांत एक असते. नात्यात लग्ने होतात तेथे एकच लपलेले जनुक दोन्ही बाजूंनी येऊ शकते. म्हणून अशा घराण्यांत हा गट अधिक दिसतो.

यामुळे कोडीही पडतात. वडील ‘ओ’, आई तपासणीत ‘ओ’, आणि मूल मात्र ‘ए’! हे कसे? आई मुंबई रक्तगटाची असेल, तर तिच्याकडे पगडी असते, पण खुंटी नसते. मुलाला पगडी आईकडून आणि खुंटी वडिलांकडून मिळाली, की गट झाला ‘ए’.

आता समजा, रहिमतपूर-कोरेगाव रस्त्यावर अपघात होऊन अशा एखाद्या माणसाला साताऱ्याच्या रुग्णालयात नेले. खिशातील कार्डावर ‘ओ’ लिहिलेले आहे. तेवढ्यावर विसंबून रक्त दिले तर? म्हणूनच रक्त देण्यापूर्वी रोग्याचा रक्तद्रव आणि दात्याच्या पेशी एकत्र करून जुळणी तपासतात. ‘ओ’ रक्ताची एकेक पिशवी जुळेना, की तज्ज्ञांना शंका येते. मग ‘एच’ची चाचणी करतात, आणि दात्याचा शोध सुरू होतो. पहिली तपासणी होते ती सख्ख्या भावंडांची.

निरोगी रक्तपेशी फार तर सुमारे दीड महिना शीतपेटीत टिकतात. विशेष पद्धतीने गोठवल्या तर अनेक वर्षे राहतात. पण गोठवण्याची सोय सगळीकडे नसते. त्यामुळे या गटाच्या माणसांची नोंद असणे आणि हाक येताच त्यांनी धावून जाणे, यावरच एखाद्याचे प्राण अवलंबून असतात.

तुमचे वय १८ झाले, वजन व हिमोग्लोबिन पुरेसे असले, की तुम्हीही रक्तदान करू शकाल. तोपर्यंत एक काम करा. घरातील सर्वांचे रक्तगट वहीत लिहा आणि आईवडिलांच्या गटांवरून तुमचा गट कसा आला, ते खुंटी, पगडी आणि टोपी काढून दाखवा. मांडणी जुळली नाही, तर वही घेऊन विज्ञानाच्या गुरुजींकडे जा. एखादे अवघड कोडे तुमच्याच घरी दडलेले असेल!