बेटावरची वाट आणि आपली पाणंद

आज कर्ज, हप्ता, व्याज यातलं काहीच बोलायचं नाही. आज पळण्याबद्दल बोलायचं आहे. हसू नका. आपल्यातल्या कितीजणींच्या लेकी सध्या पोलीस भरतीची तयारी करतायत ते आठवा, म्हणजे हा विषय आपल्याच घरातला आहे हे कळेल.

शिपाई पदाच्या भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते. त्यात मुलींना ८०० मीटर धावणं, १०० मीटर धावणं आणि गोळाफेक. एकट्या ८०० मीटरला २० गुण. म्हणून आपल्या मुली पहाटे पाचला उठतात आणि डांबरी रस्त्यावर जाऊन पळतात, कारण गावात दुसरी जागाच नाही. उसाच्या दिवसांत त्याच रस्त्यावरून ट्रॅक्टर जातात, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, आणि बऱ्याच ट्रॉल्यांना मागे लाल दिवा नसतो. मागच्या हिवाळ्यात अशीच एक ट्रॉली आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीला घासून गेली. कोपर सोलवटलं, टाके पडले, हाड वाचलं. पण वडिलांनी त्या दिवसापासून तिचं पळणं बंद केलं. त्यांचं चुकलं असं आम्हाला म्हणवत नाही. प्रश्न एवढाच होता की मग तिनं पळायचं कुठं?

याचं उत्तर आम्हाला सापडलं मुंबईत, आणि तेही जंगलात. महालक्ष्मी सरसच्या प्रदर्शनात पापड, चटण्या आणि डाळ घेऊन आम्ही चौघी गेलो होतो. एकीची नणंद बोरिवलीला राहते. ती म्हणाली, "एक सकाळ मोकळी ठेवा, तुम्हाला आमचं रान दाखवते." आम्हाला वाटलं, मुंबईत कसलं आलंय रान!

आधी थोडा भूगोल, कारण आम्हालाही तो तिथं जाऊनच कळला. मुंबई मुळात सलग जमीन नव्हती. दक्षिणेला सात छोटी बेटं होती आणि त्यांच्या उत्तरेला साष्टी नावाचं एक मोठं बेट. मधल्या खाड्या हळूहळू भराव टाकून बुजवल्या आणि सगळं एक झालं. पण साष्टीच्या उत्तरेला वसईची खाडी आणि पूर्वेला ठाण्याची खाडी आजही आहे. या बेटाच्या मधोमध डोंगर आहेत, त्यावर जंगल आहे, आणि तेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. सुमारे १०० चौरस किलोमीटरचं. त्याच्या पोटात विहार आणि तुळशी हे दोन तलाव आहेत, ते मुंबईला पाणी पाजण्यासाठी इंग्रजांच्या काळात बांधलेले. आतमध्ये आदिवासींचे पाडे आहेत. आणि चहूबाजूंनी इमारती, अगदी कुंपणाला टेकलेल्या.

या रानात पहाटे फिरायला येणाऱ्यांसाठी पास मिळतो. नणंदेकडे तो होता, आम्ही मात्र दार उघडल्यावर तिकीट काढून गेलो. आत शिरलो तर बायाच बाया. कुणी चालतंय, कुणी पळतंय. पळून घामाघूम झालेल्या पन्नाशीच्या बाया दारातून बाहेर पडत होत्या, आणि कुणी वळून बघतसुद्धा नव्हतं. एक आजी साडीवर बूट घालून झपाझपा चालत होत्या. आमच्यातली एक म्हणाली, "आपल्याकडं अशी चालले तर पहिल्या वळणावर विचारतील, कुणाचं काय झालं म्हणून."

मोठ्या दारापासून कान्हेरीच्या लेण्यांपर्यंत पाच-सहा किलोमीटरचा डांबरी रस्ता आहे. बहुतेक लोक त्यावरच पळतात. त्याशिवाय जंगलात पायवाटा आहेत, मुंबईकर त्यांना ट्रेल म्हणतात. शिळोंड्याची वाट ही त्यातली नावाजलेली. पण अशा वाटांवर मनाला येईल तेव्हा घुसता येत नाही, वनविभागाची परवानगी आणि सोबत वाटाड्या लागतो. लेणी शंभराहून जास्त आहेत, आपल्या अजिंठ्यासारख्याच काळ्या पाषाणात कोरलेली. तिथं आम्ही सगळ्यात जास्त वेळ पाण्याच्या टाक्यांपाशी उभ्या राहिलो. डोंगरावर पडणारं पावसाचं पाणी चर कोरून टाक्यांत साठवलेलं, दोन हजार वर्षांमागे! टँकरच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायका आणखी काय बघणार?

आता मुद्द्याची गोष्ट. या जंगलात बिबटे आहेत. कॅमेरे लावून केलेल्या मोजणीत चाळीसहून जास्त निघाले आहेत. २००३-०४ च्या सुमाराला तिथं माणसांवर लागोपाठ हल्ले झाले होते, जीव गेले होते. तरीही त्याच रानात आज हजारो लोक सकाळी चालतात. वनविभागानं, अभ्यासकांनी आणि आसपासच्या लोकांनी मिळून काही गोष्टी लावून धरल्या. कोणत्या वेळी आत जायचं, कोणत्या वाटेनं जायचं, कधी बाहेर पडायचं हे ठरवलं. कचरा उघड्यावर टाकू नये म्हणून लोकांना समजावलं, कारण कचऱ्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागं बिबट्या येतो. वाट तीच होती, जनावरंही तीच होती. वेळ आणि शिस्त ठरली, वाटेवर वर्दळ राहिली, म्हणून ती वाट बायांना चालता आली. आम्हाला जे घेऊन यायचं होतं ते हेच.

तिथले नियम आपल्यालाही लागू पडतात. आपल्या गोदाकाठच्या उसातही बिबट्या निघाल्याच्या बातम्या आता दरवर्षी येतात. तर ऐका. अंधारात एकटीनं जायचं नाही. बोलत, आवाज करत जायचं. कानात गाणी घालून पळायचं नाही. झुडपाजवळ वाकायचं किंवा उकिडवं बसायचं नाही, कारण बसलेलं माणूस जनावराला छोटं सावज वाटतं. आणि बिबट्या दिसलाच तर पळायचं नाही! पळणारं दिसलं की तो पाठीमागं लागतो. त्याच्याकडं तोंड ठेवून, हात वर करून, मोठ्यानं बोलत हळूहळू मागं सरकायचं. पळण्याच्या वाटेवरचा हा न पळण्याचा नियम मुलींकडून पाठ करून घ्या.

मातीवर पळणं आणि डांबरावर पळणं यातही फरक आहे. डांबर कडक, प्रत्येक पावलाचा धक्का गुडघ्यात आणि नडगीत जातो. आमच्या तीन मुलींच्या नडग्या दुखत होत्या, त्या मुरमावर पळायला लागल्यावर दुखणं कमी झालं. मातीत पाऊल थोडं दबतं. पण माती खालीवर असते, म्हणून घोटा मुरगळायची भीती. यावर उपाय म्हणजे पाऊल छोटं टाकायचं, नजर पायाखाली न ठेवता तीन-चार पावलं पुढं ठेवायची, उतारावर अंग सैल सोडून धावत सुटायचं नाही. बूट हवेतच. बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये लता करे नऊवारीत, अनवाणी धावल्या आणि जिंकल्या, त्यांच्यावर २०२० साली सिनेमाही आला. पण त्या नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवेत म्हणून तशा धावल्या होत्या. आपल्या पाणंदीत वेड्या बाभळीचे काटे आहेत. मुलीला बूट घेऊन द्या, आणि आतले कपडे घट्ट बसणारे घेऊन द्या. दुसरी गोष्ट बोलायला आया लाजतात आणि मुली त्यापायीच पळणं सोडतात.

आणखी एक. मुलगी दोनशे मीटरवरच धापा टाकत असेल तर तिला आळशी म्हणू नका, आधी तिचं रक्त तपासा. आपल्या राज्यात निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी होते, लोहाच्या गोळ्याही तिथंच मिळतात. त्या चहासोबत घ्यायच्या नाहीत, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत घ्यायच्या. पाळीच्या दिवसांत पळायचं की नाही हे तिचं तिनं ठरवावं. पळाल्यानं काही बिघडत नाही.

मुंबईहून आल्यावर आम्ही गावात जागा शोधली. शाळेचं मैदान लहान निघालं. पाझर तलावाची भिंत सरळ आहे, पण दोन्हीकडं उतार, पहाटे घसरायची भीती. शेवटी गावाबाहेरची एक पाणंद नक्की केली. तिथं वाहनं जात नाहीत, घरं हाकेच्या अंतरावर आहेत, आणि मधे ऊस नाही, हरभरा आणि मोसंबी आहे. नायलॉनच्या दोरीनं ४०० मीटर मोजलं. पुन्हा मोजलं तर वेगळंच आलं, कारण दोरी ताणली की वाढते! मग गवंड्याचा ५० मीटरचा टेप आणला, आठ वेळा धरला आणि दोन्ही टोकांना चुन्याचे दगड रोवले. जाऊन आलं की ८०० मीटर. वळताना दोन-तीन सेकंद जातात, म्हणून चाचणीच्या आधी महिनाभर तालुक्याच्या गोल मैदानावरही आठवड्यातून एकदा जायला हवं.

बाभळी आम्ही श्रमदानानं काढल्या. पण आपली काळी माती जून लागला की पायाला धरते, चप्पल काढून घेते. त्यावर मुरूम पडल्याशिवाय पावसाळ्यात पळणं नाही. त्यासाठी शेत पाणंद रस्त्यांची सरकारी योजना आहे. मागणी ग्रामपंचायतीतून जावी लागते. ग्रामसभेच्या आधी महिला ग्रामसभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे, तिथं हा विषय मांडा. अर्जाची पोच घ्या, आणि "शेतमाल नेण्यासाठी रस्ता" असंही त्यात लिहा, कारण ते खरंच आहे आणि त्यानं शेजारचे शेतकरीही सही करतात. आमचा अर्ज गेला आहे, मुरूम अजून आलेला नाही.

सध्या नऊ मुली येतात, साडेपाच ते साडेसहा. आमच्यातल्या दोघी पाळीपाळीनं बॅटरी घेऊन टोकाच्या दगडापाशी बसतात. पहिल्या आठवड्यात काही पोरं मोटारसायकल घेऊन उगाच घिरट्या घालत होती. तिसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एकाची आईच दगडावर बसलेली दिसली, मग थांबली. आता बसणाऱ्याही चार फेऱ्या चालून घेतात.

टाके पडलेली ती मुलगी अजून येत नाही. तिच्या वडिलांकडं आम्ही दोनदा जाऊन आलो. या रविवारी पुन्हा जाणार आहोत, या वेळी तिच्या आजीला पाणंद दाखवून, तिला सोबत घेऊन.