मुलाने सांगावे कोणाला?

सप्तव्यसनांची नावे आपल्याकडील मुलांना पाठशाळेतच मुखोद्गत होतात. त्यामुळे ‘आपल्या घरात हे शिरणार नाही’ असा विश्वास आईवडिलांच्या मनात रुजतो. परंतु नशा मद्याच्याच रूपाने येते असे नाही. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १० ते १७ वयोगटातील १.१७ टक्के मुले हुंगून नशा करीत असल्याचे आढळले. प्रौढांत हेच प्रमाण ०.५८ टक्के होते. मोठ्यांपेक्षा मुलांत अधिक आढळलेला हा एकमेव प्रकार. आणि हुंगायचे ते काय? थिनर, व्हाइटनर, पंक्चरचे सोल्युशन. आपल्यापैकी कित्येकांच्या दुकानातील फळीवरचाच हा माल! पहिल्याच वेळी हुंगल्यानेही हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असावे.

मुले नशेकडे वळतात ती केवळ संगतीने नव्हे. पुष्कळदा तो त्यांनी स्वतःच शोधलेला इलाज असतो; धास्तीवर, न लागणाऱ्या झोपेवर, ‘मला दुकानात बसायचे नाही’ हे बोलता न येण्यावर. गल्ल्यात शंभर रुपये कमी भरले तर मेळ लागेपर्यंत न झोपणारे आपण. मूल महिनाभर रात्री जागे आहे, जुने मित्र तुटले आहेत, ताटावरून अर्धवट उठते आहे, याची नोंद मात्र कोणत्याच वहीत होत नाही. ही लक्षणे नशेशिवाय निव्वळ नैराश्याचीही असू शकतात. म्हणून दप्तर तपासण्यापूर्वी विचारपूस करावी. ‘का घेतोस?’ यापेक्षा ‘घेतल्यावर कशापासून सुटका वाटते?’ हा प्रश्न अधिक उपयोगी पडतो.

प्रकार उघडकीस आला की बहुतेक घरांत मुलाला महाराजसाहेबांकडे नेऊन पच्चक्खाण देववितात. पच्चक्खाणाचे मोल मोठेच आहे. पण आजार त्याने बरा होत नाही, आणि नियम मोडला की मूल दुप्पट लपवू लागते. आलोचना ऐकणारा आचार्य ‘अपरिस्रावी’ असावा, म्हणजे ऐकलेले त्याच्याकडून पाझरू नये, असे आपली शास्त्रे सांगतात. हा गुण आईवडिलांना का नको? एकाची गोष्ट काका-आत्यांपर्यंत, तेथून समाजात, आणि मग बहिणीच्या सोयरिकीपर्यंत जाते, हे मूल जाणून असते. अब्रूच्या याच भयापोटी उपचार वर्षवर्ष लांबतात.

टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतून, विनामूल्य, चोवीस तास बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा क्रमांक आहे. पुण्यातील मुक्तांगण १९८६ पासून हेच काम करीत आहे. मरणाची भाषा ऐकू आली तर मात्र मुलाला एकटे सोडू नये, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. डॉक्टरांच्या खोलीत प्रथम त्याला एकट्यालाच बोलू द्यावे. आईवडिलांनी तोवर बाहेरच्या बाकावर बसावे, आणि परतताना ‘काय सांगितलेस?’ असे विचारू नये.