थंडी पडली नाही तर फुलत नाही, उशिरा पडली तर कळ्या जळतात : लवकर फुलणारी पिओनी कशी जपतात?

इन्स्टाग्रामवर परदेशातल्या लग्नांचे रील्स बघताना नवरीच्या हातात कोबीच्या गड्ड्यासारखं, पाकळ्यांनी गच्च भरलेलं गुलाबी फूल तुम्ही नक्की पाहिलं असेल. ते फूल म्हणजे पिओनी.

ब्रिटनमध्ये नेहमीच्या पिओनी मे अखेर ते जूनमध्ये फुलतात. पण काही जातींना घाई असते, त्या एप्रिल-मेमध्येच फुलतात. त्यातली एक गाजलेली जात कॉकेशसच्या डोंगरातली, फिकट पिवळ्या फुलांची. म्लोकोसेविच या पोलिश निसर्ग अभ्यासकावरून तिचं नाव पडलं 'पिओनिया म्लोकोसेविची'. इंग्रजांना काही ते उच्चारता येईना. मग त्यांनी सरळ 'मॉली द विच', म्हणजे 'मॉली चेटकीण' करून टाकलं.

गोची अशी की ब्रिटनच्या बऱ्याच भागांत मे महिन्यातही एखाद्या रात्री पारा शून्याखाली जातो. बी पेरल्यापासून मॉलीचं पहिलं फूल यायला चार-पाच वर्षं लागू शकतात. आणि कळ्या गेल्या की त्या वर्षाचा विषय संपला, कारण हे झाड त्या हंगामात पुन्हा कळ्या धरत नाही.

मग उबदार जागी का लावत नाहीत?

कारण थंडीशिवाय पिओनी फुलतच नाही. हिवाळ्यात वरचा पाला वाळून जातो आणि जमिनीखाली मुळांच्या गड्ड्यावर डोळे झोपलेले असतात. काही आठवडे पारा ४-५ अंशांच्या खाली राहिला, की मगच ते नीट जागे होतात. म्हणून पुण्या-नागपुरात ही फुलं येत नाहीत. भारतातली पिओनी बघायची तर पश्चिम हिमालयात जावं लागतं. तिकडे पांढऱ्या फुलांची 'पिओनिया इमोडी' रानात उगवते.

थोडक्यात, जानेवारीतली थंडी हवी आणि एप्रिलमधली नको.

दंव पडलं की काय होतं?

मार्चमध्ये चार दिवस ऊन पडलं की लालसर कोंब वर येतात. मग दंवाची रात्र येते आणि सकाळी कोंबांनी माना टाकलेल्या दिसतात. नवखा माणूस घाबरून ते कापून टाकतो. तिथेच चुकतं. दंव हलकं असेल तर हवा तापल्यावर तेच कोंब पुन्हा ताठ उभे राहतात. खरा धोका कळीला. वाटाण्याएवढी कळी जोरदार दंवात सापडली की तपकिरी पडते आणि वाळून जाते.

मग उपाय काय?

१. जागा : खोलगट जागा टाळतात, कारण थंड हवा पाण्यासारखी उताराला जाऊन साचते. सकाळचं थेट ऊनही टाळतात. गोठलेली कळी झपाट्याने वितळली की नुकसान वाढतं.

२. झाकण : आपल्याकडे निफाडला पारा घसरला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात. तिकडे घरच्या बागेत संध्याकाळी झाडावर बागेचं पातळ कापड, जुनी चादर किंवा चक्क उलटी बादली ठेवतात. हवा तापली की झाकण काढायचंच. नाहीतर आत ओल साचते आणि बुरशीला आमंत्रण मिळतं.

३. बुरशी ओळखणं : थंड आणि ओल्या वसंतात बोट्रायटिस ही बुरशी येते. दंवाने वाकलेला कोंब दुपारपर्यंत उठतो. बुरशी लागलेला कोंब बुडाशी काळा-तपकिरी पडतो आणि उठत नाही. तो कापून कचऱ्यात टाकायचा, कंपोस्टमध्ये नाही.

४. खत : नत्र जास्त झालं की पाला लुसलुशीत वाढतो आणि बुरशीला लवकर बळी पडतो. म्हणून ते बेतानेच द्यायचं.

आणि दरवर्षी नुसता पालाच येत असेल, तर दंवाला दोष देण्याआधी माती उकरून बघायची. डोळे साधारण ५ सेंटीमीटरपेक्षा खोल गेले तरी पिओनी फुलायचं टाळते.

एवढं करूनही एखाद्या वर्षी कळ्या जातात. पण झाड सहसा जात नाही. पिओनीचा गड्डा एकाच जागी ५० वर्षंसुद्धा जगतो. पाला हिरवा राहू दिला तर उन्हाळाभर मुळांत अन्न साठतं, आणि पुढच्या वसंतात लाल कोंब पुन्हा वर येतात.