न दिसणारी इजा

दुरुस्ती करताना विमानाच्या पंखावर पाना पडला, तर ॲल्युमिनिअमच्या पत्र्याला पोचा येतो. तो लगेच दिसतो. कार्बन तंतू आणि रेझिन यांच्या थरांनी बनलेल्या संमिश्र पदार्थाचे तसे नाही. पृष्ठभाग जवळजवळ जसाच्या तसा राहतो, पण आतले थर एकमेकांपासून सुटतात. मग उरलेले बळ किती?

जाड कागदाच्या चार पट्ट्या डिंकाने पूर्ण चिकटवा. दुसऱ्या संचात मधला भाग कोरडा ठेवा. संच ताणल्यास फरक जाणवत नाही. टोकांकडून दाबल्यास मात्र दुसरा संच लवकर फुगतो. दर चौरस सेंटिमीटरला जितक्या दाबाने पट्टी वाकते, तो दाब जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी, तर दाब पाव! उड्डाणात पंखाची वरची बाजू अशीच दाबली जाते. सुटलेला थर वाकला की भेग पुढे सरकू शकते.

म्हणून श्राव्यातीत ध्वनीने सुटलेल्या भागाचा विस्तार व खोली मोजून तो केव्हा वाकेल याचे गणित मांडतात. आघात केलेले नमुने दाबून ते पडताळतात.

२०११ पासून सेवेत असलेल्या बोइंग ७८७ च्या सांगाड्याचे सुमारे ५० टक्के वजन संमिश्र पदार्थांचे आहे. तेव्हा नजरेतून निसटेल एवढी इजा आहेच असे धरून, अपेक्षित कमाल भाराच्या दीडपट भार पेलेल अशी रचना करावी लागते.