गालावरचा डाग

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या आजींनी नातवाच्या गालावर फिकट डाग पाहिला आणि संध्याकाळी औषधाच्या दुकानातून कॅल्शियमची बाटली आणली. आपल्याकडे घरोघरी हेच चालतं. गालावर पांढुरकं दिसलं की कॅल्शियम कमी, नाहीतर पोटात जंत. मुलांच्या गालावरचा बारीक कोंडा धरलेला असा डाग बहुतेक वेळा कोरड्या त्वचेचा असतो. उन्हात भोवतालची कातडी रापते, म्हणून तो जास्त उठून दिसतो. कॅल्शियमशी त्याचा संबंध नाही. तरी आजींच्या मनातली मूळ गोष्ट खरी आहे: ताटात जे कमी पडतं ते कातडीवर उमटतं. काय कमी पडलं की कुठे उमटतं, हे मात्र माहीत हवं.

या प्रश्नाशी आमच्या वर्ध्याचं नातं जुनं आहे. १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या संत्र्याच्या बागेत, मगनवाडीत, त्याचं ठाणं होतं आणि जे. सी. कुमारप्पा तिथे काम पाहत. १९३५ मध्ये गांधीजी मगनवाडीत राहिले तेव्हा सोयाबीन, चिंच, कडुलिंबाचा पाला, कच्च्या पालेभाज्या असं सगळं ताटात येऊन गेलं. पाल्याच्या गुणांवर त्यांनी ‘हरिजन’मध्ये लिहिलंही. घाण्याचं तेल, हातसडीचा तांदूळ, गूळ यांचा आग्रह याच अंगणातला. त्या वेळी जीवनसत्त्वांचं शास्त्रच नवं होतं. नायसिन हे जीवनसत्त्व असल्याचं १९३७ साली कळलं.

नायसिन म्हणजे बी-३. आम्हा ज्वारी खाणाऱ्यांनी त्याची गोष्ट ऐकलीच पाहिजे. ते फार कमी पडलं की मान, हात, पाय अशा उन्हाला उघड्या भागांवर काळपट, भेगाळलेले चट्टे येतात. गळ्याभोवती तर माळ घातल्यासारखे. मग जुलाब आणि शेवटी भ्रम. या आजाराला पेलाग्रा म्हणतात. युरोप-अमेरिकेत तो मक्यावर जगणाऱ्या गरिबांना व्हायचा. हैदराबादच्या पोषण संशोधकांना मात्र तो दख्खनच्या पठारावर, ज्वारीवर जगणाऱ्यांत दिसला. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं: ते जास्त झालं की शरीराचं नायसिनचं गणित बिघडतं. या मांडणीवर पुढे वादही झाले. म्हणून भाकरीला दोष देणारा मी नाही. दोष एकट्या भाकरीचा, म्हणजे ती एकटी खावी लागते त्या गरिबीचा. भाकरीबरोबर तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी, वाटीभर दूध-ताक असेल तर तीच भाकरी अंगी लागते.

कातडीवर उमटणारी दुसरी खूण मी लहानपणी वर्गात पाहिलेली आहे. कोपर, गुडघे, ढुंगण यांवर बारीक काटेरी पुरळ, हात फिरवला तर खवणीसारखं लागायचं. या पुरळाच्या वैद्यकीय नावाचा अर्थ ‘बेडकाची कातडी’. आधी सगळा ठपका अ जीवनसत्त्वावर होता. पुढे दिसलं की आवश्यक मेदाम्लं आणि बी गटाची जीवनसत्त्वंही त्यात गुंतलेली असतात, आणि तेल वाढवलं की पुष्कळ मुलांची कातडी मऊ पडते. हे वाचलं तेव्हा मला आमच्या स्वयंपाकघरातलं जवसाचं तेल आठवलं.

अंबाडीची भाजी वैदर्भी घरात कशी होते पाहा. पाला उकडून पाणी काढायचं, तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून घोटायचं, आणि ताटात वाढल्यावर वरून लसणाची फोडणी, तीही जवसाच्या तेलाची. पाल्यातल्या पिवळ्या-केशरी रंगद्रव्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, पण तेलाशिवाय ते आतड्यात नीट शोषलंच जात नाही. जवसाच्या तेलात अर्ध्याच्या आसपास ओमेगा-३ मेदाम्ल असतं. ही जोडी कुणी प्रयोगशाळेत लावली नव्हती. तेल मात्र ताजं हवं, ते लवकर खवट होतं. फार तापवूही नये. हल्ली फोडणी सोयाबीन तेलाची आणि जवस फक्त चटणीला उरलाय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

क जीवनसत्त्वासाठी आर्वी, कारंजा, आष्टीची संत्री आहेतच. त्वचेला घट्टपणा देणारं कोलॅजन त्याच्याशिवाय बनत नाही. जुन्या काळच्या खलाशांच्या हिरड्या आणि जुन्या जखमा त्याच्याअभावीच उघडायच्या. पेरू त्याहून सरस. लोह कमी असेल तर चेहरा फिका पडतो, कधी अंगाला खाज सुटते. जेवल्याबरोबरचा चहा लोह नीट शोषू देत नाही. ओठांचे कोपरे चिरले तर बी-२ची शंका घ्यावी. वायगावची हळद नावाजलेली आहे, पण हळद जीवनसत्त्व नव्हे, हेही सांगायला हवं.

दुकानातल्या गोळ्यांचं म्हणाल तर उणीव असेल तेव्हा त्या औषध, नसेल तेव्हा खर्च. अ जीवनसत्त्व जास्त झालं तर उलट कातडीच सोलते आणि गरोदरपणी पोटातल्या बाळाला धोका होतो. केसांसाठी घेतलेल्या बायोटिनमुळे थायरॉइडच्या तपासण्या चुकू शकतात.

आणि वर्ध्यात राहून त्वचेवर लिहायचं तर एक गोष्ट टाळता येत नाही. १९३६ साली मनोहर दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठरुग्णांचं काम सुरू केलं. सेवाग्रामात गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतः मालिश करत. कुष्ठरोग जंतूमुळे होतो, खाण्यातल्या चुकीमुळे नाही, पूर्वजन्माच्या पापामुळे तर नाहीच. कुष्ठरोगावरचे बहुविध औषधोपचार देशात ज्या जिल्ह्यांत सर्वांत आधी सुरू झाले, त्यांत वर्धा होता. आज सहा महिने किंवा वर्षभराच्या मोफत गोळ्यांनी हा रोग बरा होतो. फिकट चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल तर टॉनिकच्या बाटलीत घालवलेला प्रत्येक महिना हाताच्या नसांवर जातो.

म्हणून मी आजींना आणि नातवाला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पोराचं अंग पाठीपोटासकट उजेडात पाहिलं, डोळे मिटायला लावले आणि कापसाचा पीळ गालाला टेकवला.

“लागलं का?”

“हो.”

“आता?”

“गुदगुल्या होतात.”

डॉक्टरांनी रोज आंघोळीनंतर खोबरेल लावायला सांगितलं. आजींनी विचारलं, “आणि खायला?” ते म्हणाले, “सगळं. तुम्ही खाता ते सगळं त्यालाही द्या.” परतताना बाजारात आजींनी अंबाडीची जुडी घेतली आणि जवसाचं तेल कुठे मिळेल म्हणून तीन दुकानं विचारली. तिसऱ्यात मिळालं.