राखणीचा कुत्रा : तुरा पाहू नका, गुण पाहा



ऊस विकास अधिकाऱ्याने कुत्र्यावर लेख लिहावा, याचे कोणाला नवल वाटेल. पण हल्ली गट कार्यालयात लागवडीची नोंद द्यायला आलेला शेतकरी नोंद बाजूला ठेवून आधी रानडुकरांचे गाऱ्हाणे सांगतो. कळप एकदा फडात शिरला की खातो थोडे आणि लोळवतो फार. मग प्रश्न येतोच, "साहेब, राखणीला चांगला कुत्रा कुठं मिळंल?"

या प्रश्नाला मी एकदा चुकीचे उत्तर दिले आहे. त्याची कबुली आधी देतो.

चार-पाच वर्षांपूर्वी एका यात्रेत कुत्र्यांचे प्रदर्शन भरले होते. परीक्षक कमी पडले म्हणून मलाही खुर्चीवर बसवले. त्यात एक कुत्रा फार देखणा. मालकाच्या इशाऱ्यावर बसे, उठे, कड्यातून उडी मारी. टाळ्यांचा कडकडाट झाला आणि आम्ही त्याला पहिला नंबर देऊन टाकला. पुढे आमच्या गटातल्या एका सभासदाने माझ्या शब्दावर त्याच कुत्र्याचे पिलू चांगली रक्कम मोजून आणले. पिलू वाढले राजबिंडे, पण रात्री बांधावर खुट्ट झाले की खोपीत येऊन मालकाच्या पायाशी बसे. त्या हंगामात त्यांचा एकरभर खोडवा डुकरांनी आडवा केला. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत. ते न बोलणेच मला जास्त लागले.

दोन वर्षांपूर्वी पाऊस सरता सरता, त्र्यंबकेश्वर-मोखाडा रस्त्याने जव्हारला नातेवाइकांकडे जाण्याचा योग आला. जव्हारजवळच शिरपामाळ आहे. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारच्या राजांनी त्यांचे स्वागत करून शिरपेच अर्पण केला, म्हणून या माळाला शिरपामाळ म्हणतात, असे तिथले लोक सांगतात. तिथे उभा असताना मनात आले, की शिरपेच मिळाला म्हणून महाराज थोर झाले नाहीत. थोर होते म्हणून त्यांना शिरपेच मिळाला. आणि मी मात्र त्या प्रदर्शनात शिरपेच पाहून थोरपण ठरवले होते.

माळाच्या उतारावर नागलीची, वरईची शेते होती. एका माळ्याखाली एक वयस्क वारली शेतकरी बसले होते, जवळ दोन गावठी कुत्री. गळ्यात साधा पट्टासुद्धा नाही. आम्ही जवळ जाताच दोन्ही उठून भुंकली, म्हातारबाबांनी नुसता हात केला तशी गप्प बसली. पण नजर आमच्यावरून हलवली नाही.

मी विचारले, "बाबा, यांना शिकवलं कोणी?"

"शिकवायचा काय त्यात? आईसंगं रानात आली. ज्याला यायचा त्याला आला."

"आणि ज्याला नाही आला?"

"तो घरी राहतो. घराला पण कुत्रा लागतोच ना."

"पण पिलात ओळखायचं कसं?"

बाबा म्हणाले, "भ्यायला तर सगळीच भितात. भिऊन मागं गेला, आणि मंग काय हाय ते बघायला आपणहून पुढं आला, तो माझा."

परत येताना वाटेत हेच घोळत होते. वाटले, हे तर आपल्याच खात्याचे काम! नवीन जात तपासताना पाडेगावच्या संशोधन केंद्रात काय करतात? सगळ्या जाती एकाच जमिनीत, एकाच तारखेला, सारखे खत-पाणी देऊन लावतात. शेजारी जुनी चालू जात ठेवतात. का? तर फरक दिसेल तो मशागतीचा नसावा, जातीचा असावा. को ६२१९८ आणि कोसी ६७१ यांच्या संकरातून आलेली को ८६०३२ ही जात १९९६ साली महाराष्ट्रात प्रसारित झाली. ती पसरली ती कोणाच्या ढालीमुळे नव्हे. साध्या शेतकऱ्याच्या हातात, खोडव्यातसुद्धा ती टिकली, म्हणून पसरली.

प्रदर्शनातला नंबर हा मशागतीसह काढलेला उतारा असतो. त्यात कुत्र्याचा गुण असतो, शिकवणाऱ्याचा हात असतो आणि मालकाचा खर्चही असतो. पिलात उतरतो तो फक्त गुण. शिकवणी बापाबरोबरच राहते. आमच्या सभासदांनी पैसे मोजले ते शिकवणीचे.

स्वभाव रक्तात उतरतो याचा मोठा दाखला रशियातला आहे. १९५९ साली दिमित्री बेल्यायेव या शास्त्रज्ञाने नोवोसिबिर्स्क येथे पिंजऱ्यातल्या खोकडांवर प्रयोग सुरू केला. शिकवणी काहीच नाही. माणसाला कमी भिणारी तेवढी पैदाशीला ठेवायची. थोड्याच पिढ्यांत माणूस दिसला की शेपूट हलवणारी पिले जन्माला आली.

आपल्याकडचा दाखला मुधोळचा. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी हा कुत्रा जोपासला, इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहांना त्याची जोडी भेट दिली. २००५ साली तो टपाल तिकिटावरही आला. पण राजांच्या नजरेस पडण्याआधीच दख्खनच्या माळावर धावून त्याने आपला गुण दाखवला होता. मान नंतर आला.

तेव्हा राखणीसाठी कुत्रा पाहताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

१) आई-बापाची ढाल पाहू नका, त्यांचे रात्रीचे काम पाहा. शक्य तर न सांगता जा.

२) त्याच आईची आधीची पिले साध्या शेतकऱ्यांकडे कशी निघाली ते विचारा. एक भाऊ हुशार निघाला तर तो शिकवणाऱ्याचा हात असू शकेल; चार घरची चार पिले कामाची निघाली तर तो रक्ताचा गुण.

३) पिलाजवळ पत्र्याचा डबा पाडा. दचकले तरी हरकत नाही. किती वेळात सावरते आणि आपणहून वास घ्यायला येते, ते पाहा.

४) भाकरीचा तुकडा गवतात दडवा. न सापडल्यावर लगेच सोडून देते, की हुंगत राहते?

५) एका दिवसाच्या परीक्षेवर भरवसा ठेवू नका. स्वीडनमध्ये आठ आठवड्यांच्या पिलांच्या चाचण्या घेऊन पाहिल्या, पण त्यावरून मोठेपणीच्या कामाचा अंदाज लागला नाही. वर्षभर वाढू द्या, मग ठरवा.

आणखी दोन गोष्टी. कुत्र्याचे काम चाहूल देण्याचे आणि हुसकावण्याचे; डुकरावर घालून शिकार करणे १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. दुसरे, बिबट्याच्या भागात रात्री फडाकडेला कुत्रा साखळीने बांधून ठेवू नका. त्याला पळता येत नाही, आणि बिबट्याला ते आयते सावज होते. पिसाळण्याची लसही चुकवू नका.

आमच्या त्या सभासदांनी पुढे एका धनगराच्या वाड्यावरून, आईचे काम दोन रात्री पाहून, पिलू आणले. डुकरे यायची थांबली असे नाही, पण आता ती बांधावर असतानाच कळते आणि मालक बॅटरी घेऊन उठतो. यंदाचा खोडवा उभा आहे. पहिला राजबिंडा कुत्रा वस्तीवर असतो, नातवंडे त्याच्या अंगावर लोळतात. घराला पण कुत्रा लागतोच.

उसाला तुरा आला की फड लांबून देखणा दिसतो. पण त्या उसाची वाढ थांबलेली असते, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. कुत्रा घेतानाही तेवढे आठवावे.



आपला,
ऊस विकास अधिकारी