कॉर्निया बदलला, आता लेझरने नंबर काढता येईल का?

गोंदिया जिल्ह्यात धान कापणी-मळणीच्या दिवसांत डोळ्यात कुसळ जाणं ही कुणी मनावर न घेणारी गोष्ट. डोळा धुतात, चोळतात, पुन्हा कामाला लागतात. पण त्या कुसळाने कॉर्नियावर ओरखडा उठतो आणि त्यातून फ्युजेरियम, ॲस्परजिलससारखी बुरशी आत शिरू शकते. जखम भरते, पांढरा डाग राहतो. आपल्याकडे त्याला ‘डोळ्यात फूल पडलं’ म्हणतात.

आमच्या मोठ्या बाबांचं तसंच झालं. नागपूरला कॉर्निया बदलला. काही महिन्यांनी तपासणीत डॉक्टर म्हणाले, “ग्राफ्ट एकदम स्वच्छ आहे.” परतीच्या गाडीत मोठे बाबा मला विचारतात, “साफ आहे म्हणतात, मग एका बल्बचे दोन का दिसतात रे? लेझर मारून नंबर काढून टाकता येत नाही का?”

मी डोळ्यांचा डॉक्टर नाही, माझी पीएचडी प्रकाशशास्त्रात आहे. पण हा प्रश्न संशोधनात उतरणाऱ्या प्रत्येकाने एकदा सोडवून बघावा असा आहे.

कॉर्नियाची कामं दोन: पारदर्शक असणं आणि आकार नीट असणं. डोळ्याच्या सुमारे ६० डायऑप्टर ताकदीपैकी जवळपास ४३ एकट्या कॉर्नियाची. पूर्ण जाडीच्या प्रत्यारोपणात साधारण ८ मिलिमीटर व्यासाची गोल चकती केसाहून बारीक नायलॉनने, बऱ्याचदा १६ टाक्यांनी, शिवतात. ढोलकीच्या एका बाजूची दोरी जास्त ताणली गेली तर पुडी सारखी ताणलेली राहत नाही, तसंच इथे. एका दिशेत वक्रता जास्त, तिच्या काटकोनात कमी. चष्म्याच्या कागदावर हा ‘सिलिंडर नंबर’ म्हणून येतो, आणि प्रत्यारोपणानंतर तो ४-५ डायऑप्टर असणं अगदी नेहमीचं. म्हणजे खिडकीची काच स्वच्छ, पण लहरी पडलेली.

एडवर्ड झिर्म यांनी १९०५ मध्ये चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरावर पहिलं यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण केलं, तेव्हा प्रश्न ग्राफ्ट टिकतो का हाच होता. आज तो टिकतो, म्हणून आकाराचा प्रश्न पुढे आला.

आता लेझर. १९८१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर १९३ नॅनोमीटरचा एक्सायमर लेझर मारून बघितला. आजूबाजूचा भाग न भाजता नेमका तेवढाच थर उडाला. (उरलेलं अन्न प्रयोगशाळेत नेऊ नका असं सांगणाऱ्या गाइडना ही गोष्ट जरूर ऐकवा.) याच तत्त्वावर आजची नंबर काढायची शस्त्रक्रिया चालते.

किती थर उडवायचा याचं ढोबळ सूत्र सोपं आहे: व्यासाचा वर्ग गुणिले डायऑप्टर, भागिले ३; व्यास मिलिमीटरमध्ये, उत्तर मायक्रॉनमध्ये. ६ मिलिमीटरचा भाग घेतला तर एका डायऑप्टरला १२ मायक्रॉन, म्हणजे ५ डायऑप्टरला ६०. कॉर्निया मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन जाड असतो. लॅसिकमध्ये वरचा पापुद्रा उचलतात, त्याचे १२० धरा. खाली ३६० उरतात, आणि किमान २५० उरावेत असा संकेत आहे. कागदावर गणित आरामात बसतं!

आणि इथेच फसायला होतं. सूत्र गृहीत धरतं की पृष्ठभाग स्थिर आहे. ग्राफ्टभोवती मात्र गोल व्रण आहे, आणि पापुद्रा कापला की तिथला ताण सैल होऊन आकार आपोआप बदलू शकतो, लेझर मारायच्या आधीच. म्हणून काही सर्जन लॅसिक दोन टप्प्यांत करतात: आज फक्त पापुद्रा, काही आठवड्यांनी पुन्हा मोजून लेझर. दुसरी वाट पीआरके, म्हणजे पापुद्रा न कापता पृष्ठभागावरच लेझर. त्यात धूसरपणा येण्याची भीती, म्हणून मायटोमायसिन-सी हे औषध लावतात. शिवाय कुठल्याही नव्या शस्त्रक्रियेनंतर शरीराने ग्राफ्ट नाकारण्याचा धोका डोक्यात ठेवावाच लागतो.

त्यामुळे आधी चष्मा, मग कडक कॉन्टॅक्ट लेन्स, मग लेझर असा क्रम लावतात. दृष्टीचा विचार केला तर कडक लेन्स उत्तमच: तिच्याखालचं अश्रूंचं पाणी खाचखळगे भरून काढतं. पण बांधीतल्या चिखलात रोवणी करणाऱ्या माणसाने ती रोज स्वच्छ हाताने घालायची-काढायची, हे लिहायला सोपं आहे. लेझरचा विचार अशा वेळी खरा होतो, आणि तोही नंबर शून्य करायला नाही, चष्मा चालेल इतका खाली आणायला.

या विषयावरचे पेपर वाचाल तेव्हा एक जागा नक्की तपासा. सिलिंडरला आकडा असतो तशी दिशाही असते, आणि १८० अंशांवर ती पुन्हा शून्यावर येते. एका रुग्णाचा ४ डायऑप्टर १० अंशांवर, दुसऱ्याचा ४ डायऑप्टर १७० अंशांवर. साधी सरासरी काढलीत तर ९० अंश, म्हणजे दोघांच्याही जवळपास काटकोनात! कोन दुप्पट करा, सदिशांसारखी बेरीज करा, मग निम्मा करा: उत्तर ३.७६ डायऑप्टर, १८० अंशांवर. दिशा न देता नुसता आकडा कमी झाल्याचं सांगणारा तक्ता अर्धीच गोष्ट सांगतो. तसंच ‘यश’ म्हणजे ग्राफ्ट स्वच्छ राहिला की माणसाला चष्म्याने अक्षरं वाचता आली, हेही पद्धतीच्या भागात शोधा.

मोठ्या बाबांना मी एवढंच सांगितलं, की टाके असेपर्यंत मोजलेला नंबर पक्का नाही. सगळे टाके निघायला वर्ष किंवा जास्तही लागतं, त्यानंतर काही महिने थांबून दोन वेळची मोजमापं जुळली तरच डॉक्टर लेझरचं बोलतील. आणि मधल्या काळात डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना किंवा अचानक अंधुक दिसू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना. त्यांचे पाच टाके अजून आहेत. सध्या बांधीत जाताना ते माझा प्रयोगशाळेतला जुना गॉगल घालतात.